डीएलझेड गेलं, आता झोन कुठे ठेवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या गावातली एक छोटी इंटरनेट सेवा कंपनी. सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) च्या मशीनवर बाइंड ९.११ हे नेमसर्व्हरचं, म्हणजे डोमेन नावांचे पत्ते सांगणारं डीएनएस सॉफ्टवेअर चालतं. ग्राहकांचे साधारण ६०० झोन (एकेका डोमेनच्या नोंदींचे संच) मायएसक्यूएल डेटाबेसच्या टेबलात आहेत आणि बाइंड ते डीएलझेडमधून, म्हणजे डेटाबेसमधून झोन घ्यायच्या त्याच्या सोयीतून, थेट वाचतं. पॅनेल पीएचपीत घरीच लिहिलेलं, आणि ते लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला. नव्या मशीनवर बाइंड ९.१८ बांधायला घेतलं तर 'विथ-डीएलझेड-मायएसक्यूएल' हा पर्यायच सापडत नाही. जुनी कॉन्फिग तशीच दिली तर नेम्ड (बाइंडचा प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम) 'अनसपोर्टेड डीएलझेड डेटाबेस ड्रायव्हर' असं लॉगमध्ये लिहून थांबतो. विचारणाऱ्याने शेवटी लिहिलंय, 'आता असा कोणता डेटाबेस घेऊ, जो पुढची दहा वर्षं तरी बंद होणार नाही?'

मी पुण्यात होस्टिंगच्या कामात अठरा वर्षं नेमसर्व्हर सांभाळतोय. त्यातली सहा वर्षं डीएलझेडवर काढली, आणि नंतर तीन ठिकाणचं डीएलझेड उतरवून दुसरीकडे नेलं. त्यामुळे तुमची अडचण मला नीट कळते. पण तुमचा शेवटचा प्रश्न मी थोडा बदलून घेणार आहे. डेटाबेस कोणता, हे नंतर ठरवू. आधी हे ठरवायला हवं की बाहेरून आलेल्या प्रत्येक डीएनएस प्रश्नाच्या वाटेत डेटाबेस असावा का. माझं उत्तर, तुमच्या आकाराच्या कामासाठी, नसावा असं आहे. तुमचं मायएसक्यूएल फेकून द्यायची गरज नाही. पॅनेल त्यात लिहीत राहू दे. फक्त उत्तर देणाऱ्या नेमसर्व्हरला त्याच्यावर अवलंबून ठेवू नका.

हे पर्याय का बंद झाले, ते आधी सांगतो, कारण त्यातूनच पुढचं ठरतं. डीएलझेड सुरुवातीला बाइंडला वरून लावायचा एक पॅच होता, मग तो बाइंड ९.४ मध्ये आत आला. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओडीबीसी, एलडॅप, बर्कली डीबी असे ड्रायव्हर बाइंड बांधतानाच आत घालावे लागत. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ९.१८ मध्ये हे आत बांधायचे सगळे जुने ड्रायव्हर काढून टाकले. त्याच आवृत्तीत झोन फाइलचा 'मॅप' हा बायनरी प्रकारही गेला, म्हणजे साफसफाई एकट्या डेटाबेसची झालेली नाही. दुसऱ्या घरातही हेच झालं. पॉवरडीएनएस या दुसऱ्या नेमसर्व्हरने ओरॅकल, ओपनडीबीएक्स, मायडीएनएस आणि जुना लुआ असे बॅकएंड, म्हणजे झोन जिथून वाचायचे ते जोड, एकेक करून काढले. एनएसडी या नेमसर्व्हरने तर स्वतःची एनएसडी.डीबी फाइलही काढली, आता ते झोन फाइल थेट वाचतं.

कारणं सगळीकडे सारखीच दिसतात. प्रत्येक ड्रायव्हर म्हणजे बाहेरची एक लायब्ररी, तिच्या आवृत्त्या, तिचे थ्रेडचे (एकाच वेळी अनेक कामं चालवायचे) नियम. मायएसक्यूएलच्या जुन्या डीएलझेड ड्रायव्हरसाठी थ्रेड बंद करून बाइंड बांधायला लागायचं. आठ कोरचं मशीन घेऊन एका कोरवर नेम्ड चालवलेला मी स्वतः पाहिलाय, आणि तोही माझ्याच हाताने. डीएनएससेक (उत्तरांवर डिजिटल सही करायची पद्धत) आल्यावर प्रत्येक बॅकएंडला क्रमाने नावं देणं, किल्ल्या ठेवणं, सह्या सांभाळणं असं बरंच नवं काम आलं. ज्या बॅकएंडला चार माणसं वापरतात, त्याच्यासाठी हे कोण लिहिणार आणि दर आवृत्तीला कोण तपासणार? म्हणून टिकायचंच असेल तर वापरणारे पुष्कळ असलेल्या वाटेवर राहावं, एवढं त्यातून मी घेतो.

आता डीएलझेडमध्ये एक प्रश्न आला की आत काय होतं ते बघा. समजा कुणी मेल.उदाहरण.इन विचारलं. बाइंडला माहीत नसतं की झोन कुठे सुरू होतो. म्हणून ते आधी टेबलाला विचारतं, 'मेल.उदाहरण.इन नावाचा झोन आहे का?' नाही. मग, 'उदाहरण.इन आहे का?' आहे. मग त्या झोनमध्ये 'मेल' नावाच्या ओळी. नाही मिळाल्या तर '*' च्या, म्हणजे कुठल्याही नावाला लागू होणाऱ्या, ओळी. शिवाय एसओए (झोनची मुख्य नोंद) आणि एनएस (त्याच्या नेमसर्व्हरांची नावं) यांच्यासाठी '@' च्या, म्हणजे खुद्द झोनच्या नावाच्या, ओळी. एका यूडीपी पॅकेटला चार-पाच एसक्यूएल क्वेऱ्या सहज होतात, आणि नाव जितकं लांब तितक्या त्या वाढतात. मिळालेलं उत्तर अक्षरांत असतं, ते दर वेळी डीएनएसच्या बायनरी रूपात बदलायचं. मध्ये कॅश नाही. बाइंडच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय की जास्त वर्दळीच्या सर्व्हरवर डीएलझेड वापरू नका, आणि नोटिफायची, म्हणजे झोन बदलल्याचं कळवायची, सोय त्यात नाही. म्हणजे टेबलात रेकॉर्ड बदललं तरी सेकंडरीला (झोनची प्रत ठेवून उत्तरं देणाऱ्या दुसऱ्या नेमसर्व्हरला) कुणी कळवत नाही. ती रिफ्रेशच्या, म्हणजे पुढच्या ठरलेल्या तपासणीच्या, वेळेची वाट बघत बसते.

वेग ही गोष्ट मात्र ६०० झोनला तशी दुय्यम. माझं मन डीएलझेडवरून उडालं ते एका रात्रीमुळे. डेटा सेंटरची वीज गेली, यूपीएस उतरला, सगळी मशीनं बंद पडून परत उठली. नेम्ड उठला, पण त्याच्या डीएलझेड कॉन्फिगमध्ये मायएसक्यूएलच्या मशीनचा पत्ता आयपीऐवजी नावाने दिलेला होता. ते नाव आमच्याच झोनमधलं. तो झोन त्याच डेटाबेसमध्ये. नेम्डला डेटाबेस सापडायला नाव हवं, आणि नाव सांगायला डेटाबेस हवा. एरवी कुठल्या तरी कॅशमध्ये ते नाव असायचं म्हणून वर्षानुवर्षं चालून गेलं. त्या रात्री कॅश सगळीकडेच रिकामी. सगळ्या ग्राहकांच्या साइट आणि मेल पावणेदोन तास बंद राहिले, आणि आम्ही चूक हार्डवेअरमध्ये शोधत होतो. तुमच्या कॉन्फिगमध्ये 'होस्ट=' पुढे काय लिहिलंय ते आजच बघा. नाव असेल तर आयपी करा. बाकीचं काम नंतर झालं तरी चालेल, हे आज करा.

आता मार्ग. यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आलेल्या नाहीत. दिवसाला किती बदल होतात? बदल लगेच दिसायला हवा की दोन-पाच मिनिटं चालतील? आणि हेच मशीन ग्राहकांसाठी रिझॉल्व्हर, म्हणजे इंटरनेटवरची कुठलीही नावं शोधून देणारा सर्व्हर, म्हणूनही चालतं का? तिसऱ्याकडे शेवटी येतो. पहिल्या दोघांचं उत्तर 'दिवसाला वीस-पंचवीस, पाच मिनिटं चालतील' असं असेल, आणि ६०० झोनच्या कंपनीत बहुधा तेच असतं, तर साध्या झोन फाइल घ्या. टेबलातून दर काही मिनिटांनी फाइल तयार करायच्या, तपासायच्या, आणि बदललेला झोन तेवढा आरएनडीसीने (नेम्डला हुकूम द्यायच्या साधनाने) रीलोड करायचा. ६०० झोन नेम्ड काही क्षणांत मेमरीत घेतो. डेटाबेस दिवसभर बंद पडला तरी उत्तरं चालू राहतात. नवे बदल तेवढे थांबतात. डीएनएससेक हवं असेल तर बाइंडचं डीएनएससेक-पॉलिसी या फाइलींवर सरळ चालतं. डीएलझेडमधल्या झोनवर ते सुख नव्हतं.

झोन हजारांत असतील, ग्राहक स्वतः पॅनेलमध्ये बदल करून लगेच तपासत असतील, आणि एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅममधून बदल करायची सोय) हवा असेल, तर पॉवरडीएनएस आणि त्याचा मायएसक्यूएल बॅकएंड घ्या. तिथेही डेटाबेस वाटेत आहे, मग मी आधी म्हटलं त्याचं काय, असं विचाराल. फरक आहे. पॉवरडीएनएस पॅकेट आणि क्वेरी दोन्ही कॅशमध्ये ठेवतो, डीएनएससेक त्याच्या आतच आहे, आणि मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट हे त्याचे सगळ्यात जास्त वापरले जाणारे बॅकएंड आहेत. शिवाय मी प्रत्येक नेमसर्व्हरच्या मशीनवरच मायएसक्यूएलची प्रत ठेवतो आणि रेप्लिकेशन लावतो, म्हणजे उत्तर द्यायला नेटवर्क ओलांडावं लागत नाही. मायएसक्यूएलही नको असेल तर एलएमडीबी बॅकएंड आहे. तो मशीनवरच्याच फाइलींत डेटा ठेवतो, वेगळा सर्व्हर लागत नाही. 'पीडीएनएसयूटिल बी२बी-मायग्रेट' ने एका बॅकएंडमधून दुसऱ्यात सगळं उचलता येतं, त्यामुळे उद्या यातलाही एखादा गेला तरी बाहेर पडायची वाट असते. नवीन काही घेताना ही बाहेर पडायची वाट मी पहिल्यांदा बघतो.

तिसरी वाट डीएलझेडलाच धरून राहायची. बाइंडमध्ये डीएलझेडचा गाभा अजून आहे. फक्त ड्रायव्हर आता बाहेरून मॉड्यूल म्हणून लावायचे, कॉन्फिगमध्ये 'डीएलओपन' आणि मॉड्यूलच्या फाइलचा रस्ता देऊन. मायएसक्यूएलचं असं मॉड्यूल मिळतं आणि तुमच्या क्वेऱ्या जवळजवळ तशाच त्यात बसतील. पोस्टग्रेसवाल्यांना ही सोय नाही. पण ते मॉड्यूल तुम्हालाच बांधायचं, आणि बाइंड बदललं की परत बांधून तपासायचं. मी हे एकदाच केलं, सहा महिन्यांसाठी, आणि तेही लपवलेल्या प्रायमरीवर, म्हणजे बाहेरचं कुणी त्याला विचारत नव्हतं. दोन सेकंडरी त्याच्याकडून झोन घेऊन जगाला उत्तर देत होत्या. तात्पुरता पूल म्हणून ठीक आहे. त्यावर घर बांधू नका.

तुमच्यासाठी मी झोन फाइलची वाट धरून पुढचं लिहितो, कारण खरं काम डेटा बाहेर काढण्यात आहे आणि हात तिथेच पोळतात.

पहिला मोह असतो की टेबलावर एक सिलेक्ट मारायचा आणि फाइल लिहायची. थांबा. डीएलझेडच्या सेटअपमध्ये अर्धी माहिती टेबलात असते आणि अर्धी क्वेरीत. कॉन्फिगमधली क्वेरी नीट वाचा. बहुतेक ठिकाणी तिथे एक 'केस व्हेन' दिसेल: प्रकार टीएक्सटी (मजकुराची नोंद) असेल तर डेटाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्ह जोड. ते चिन्ह टेबलात नसतं. तुम्ही टेबलातून सरळ फाइल काढली तर एसपीएफची (या डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो ते सांगणारी) ओळ अवतरणाशिवाय येते. झोन फाइलमध्ये अवतरण नसलं की प्रत्येक शब्द वेगळी स्ट्रिंग होतो, आणि मेल घेणारा सर्व्हर त्या स्ट्रिंग मध्ये जागा न सोडता एकमेकांना चिकटवतो. 'व्ही=एसपीएफ१' आणि पुढचा 'इन्क्लूड' एकच शब्द बनतात, एसपीएफ निकामी. झोन तपासणाऱ्या साधनाला यात काही चूक दिसत नाही, कारण व्याकरण बरोबर आहे. ग्राहकाला दोन दिवसांनी कळतं की त्याची बिलं समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतायत.

म्हणून मी टेबल वाचत नाही. झोनच्या नावांची यादी तेवढी एसक्यूएलने काढतो, आणि प्रत्येक झोन चालू असलेल्या जुन्या सर्व्हरकडूनच डिगने (डीएनएसला प्रश्न विचारायच्या साधनाने) एएक्सएफआर करून, म्हणजे पूर्ण झोन एकदम मागून, घेतो. जगाला आज जे उत्तर मिळतंय, ते त्यात येतं. एएक्सएफआरसाठी डीएलझेडच्या कॉन्फिगमध्ये पूर्ण झोन देणारी आणि परवानगी तपासणारी अशा दोन क्वेऱ्या लागतात. नसतील तर आधी घाला, आणि परवानगी तुमच्या एकाच आयपीला द्या. डिगचं आउटपुट झोन फाइलच्याच रूपात असतं. एसओए सुरुवातीला आणि शेवटी असा दोनदा येतो, शेवटची ओळ काढून टाका. एखादा झोन मध्येच तुटला तर त्यात बहुधा एखादी सडकी ओळ असते. एकेक प्रश्नाला ती कधी आडवी आली नाही, पण पूर्ण झोन मागितला की अडते. असे झोन बाजूला काढून हाताने बघा. माझ्याकडे पहिल्या वेळी साडेचारशेपैकी अकरा निघाले होते.

हे एका वेळचं काम. रोज फाइल बनवणारा जनरेटर मात्र टेबलच वाचणार. म्हणून तो लिहून झाला की त्याच्या फाइल आणि एएक्सएफआरने काढलेल्या फाइल समोरासमोर ठेवून फरक शून्यावर आणायचा. मला या कामाला चार दिवस लागले होते, आणि त्या चार दिवसांत जे सापडलं ते सांगतो.

शेवटचा टिंब. काही ओळींत 'मेल.उदाहरण.इन.' असं होतं, काहींत टिंबाशिवाय. झोन फाइलमध्ये टिंब विसरलात की नाव मेल.उदाहरण.इन.उदाहरण.इन होतं. उलट पॉवरडीएनएसच्या टेबलात शेवटचा टिंब नकोच असतो, आणि तिथे '@' किंवा नुसतं 'मेल' चालत नाही, पूर्ण नाव लागतं. कुठे जाताय त्याप्रमाणे हे एकदाच, एकाच फंक्शनमध्ये सोडवा.

डीकेआयएम, म्हणजे मेलवर डिजिटल सही करायची पद्धत. २०४८ बिटांच्या किल्लीची टीएक्सटी ओळ साधारण ४१० अक्षरांची होते. तुमच्या टेबलातला डेटाचा कॉलम व्हारकॅर २५५, म्हणजे २५५ अक्षरांपुरताच, आहे का बघा. मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड (न बसणारा डेटा नाकारणारा) मुळातच चालू असतो, पण त्याआधीच्या सर्व्हरवर, किंवा कुणी तो बंद केलेला असेल तर, जास्तीची अक्षरं निमूटपणे कापली जातात. एका ग्राहकाची किल्ली आमच्याकडे दीड वर्ष अर्धीच पडून होती. कापलेली किल्ली स्थलांतरात परत येत नाही, ती ग्राहकाकडून पुन्हा मागून घ्यावी लागते. म्हणून बरोबर २५५ लांबीच्या ओळींची यादी आधी काढा. शिवाय डीएनएसमध्ये एक स्ट्रिंग २५५ बाइटपेक्षा मोठी नसते, त्यामुळे जनरेटरने लांब ओळ तुकडे करून, प्रत्येकाला वेगळं अवतरण देऊन लिहायला हवी.

सीनेम. एकाच नावाला सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) आणि सोबत एमएक्स (मेल सर्व्हर) किंवा ए (आयपी पत्ता), असं डीएनएसच्या नियमात बसत नाही. डीएलझेड कुणाला अडवत नाही, टेबलात जे असेल ते देतो. नेम्ड-चेकझोन हे झोन फाइल तपासणारं साधन मात्र असा झोन घेतच नाही. यातली निम्मी प्रकरणं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नको, नुसतं नाव चालू करून द्या' म्हणणाऱ्या ग्राहकांची असतात. त्यांना फोन करून ए रेकॉर्डवर आणावं लागतं. हा वेळ योजनेत धरा, कारण ग्राहक फोन उचलत नाहीत.

देवनागरी नावं. '.भारत' चं डोमेन घेतलेला एखादा ग्राहक तुमच्याकडेही असेल. आमच्या पॅनेलमध्ये एकाने झोनचं नाव देवनागरीतच टाइप केलं होतं. डीएनएसमध्ये ते नाव 'एक्सएन--' ने सुरू होणाऱ्या प्युनीकोडमध्ये (इतर लिप्या साध्या इंग्रजी अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) येतं, त्यामुळे टेबलातली ओळ कधी जुळलीच नाही. ती साइट कधीच चालली नव्हती आणि ग्राहकाने 'मराठी नावं अजून नीट चालत नाहीत' असा समज करून घेतला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. स्वतःच्या भाषेतलं नाव माणसाने हौसेने घेतलं होतं. टेबलात अ‍ॅस्कीबाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षरांबाहेरचं) अक्षर असलेल्या ओळी शोधा, प्युनीकोड करून टाका, आणि पॅनेललाही तेच शिकवा.

आणि सिरियल, म्हणजे झोनची आवृत्ती सांगणारा आकडा. याला वेगळा परिच्छेद हवा. डीएलझेडच्या टेबलात सिरियल हा एक साधा कॉलम असतो आणि तो वाढवायची जबाबदारी पॅनेलची. बहुतेक पॅनेल ते विसरतात. तुमच्याकडे बहुधा २०१६०४०१०१ अशी तारखेची संख्या गोठून बसलेली असेल. जनरेटर लिहिताना वाटतं की युनिक्स टाइम (१९७० पासूनचे सेकंद) घेऊ, आपोआप वाढतो. पण २०२५ च्या मध्यात युनिक्स टाइम १७५ कोटींच्या आसपास होता, आणि तारखेचं सिरियल २०१ कोटींच्या पुढे असतं. म्हणजे नवं सिरियल जुन्यापेक्षा लहान. सेकंडरीला वाटतं आपल्याकडचाच झोन ताजा आहे, आणि ती नवा झोन घेत नाही. चूक कुठेच दिसत नाही. फक्त एक नेमसर्व्हर नवं उत्तर देतो आणि दुसरा जुनं. तारखेचीच पद्धत ठेवा. जनरेटरने आधीच्या फाइलमधलं सिरियल वाचावं, सिरियल सोडून बाकी मजकुरात फरक असेल तरच ते पुढे न्यावं, आणि कुठल्याही परिस्थितीत मागे जाऊ देऊ नये.

जनरेटरबद्दल अजून दोन नियम, जे मी कुणालाही सोडू देत नाही. पहिला, फाइल थेट जागेवर लिहायची नाही. तात्पुरत्या नावाने लिहा, नेम्ड-चेकझोनमधून काढा, पास झाली तरच नाव बदलून जागेवर आणा आणि मग त्या झोनचा रीलोड. नापास झाली तर जुनी फाइल तशीच राहू द्या आणि तुम्हाला मेल जाऊ द्या. एका ग्राहकाची चूक बाकीच्या ५९९ जणांना लागत नाही. दुसरा नियम झोन काढून टाकण्याबद्दल. डेटाबेसचं कनेक्शन अर्ध्यात तुटलं तर स्क्रिप्टला २०० च झोन दिसतात, आणि ती प्रामाणिकपणे बाकीचे ४०० पुसून टाकते. म्हणून मी मर्यादा ठेवतो. एका फेरीत पाचपेक्षा जास्त झोन गायब दिसले तर काहीच न करता थांब आणि माणसाला बोलव. हा नियम माझ्याकडे दोनदा कामी आला आहे.

सेकंडरीवर नवे झोन हाताने घालायचे नसतील तर कॅटलॉग झोन बघा. बाइंडमध्ये ते ९.११ पासून आहेत आणि २०२३ मध्ये आरएफसी ९४३२ म्हणून प्रमाणित झाले. झोनची यादीच एक झोन म्हणून सेकंडरीकडे जाते. पॉवरडीएनएस आणि नॉट डीएनएसलाही ते समजतात, त्यामुळे एक सेकंडरी बाइंडची आणि एक दुसऱ्या सॉफ्टवेअरची असं ठेवता येतं. पण हे पहिल्याच आठवड्यात करू नका. एका वेळी एकच बदल.

इथवरचं एकदा गोळा करतो. मायएसक्यूएल आणि पॅनेल राहू द्या, ते माणसांच्या नोंदींसाठी आहे. त्यातून जनरेटर फाइल काढेल, बाइंड ९.१८ किंवा पुढचं साधं फाइलवर चालेल, आणि पहिला डेटा चालू सर्व्हरच्या एएक्सएफआरने घ्यायचा. झोन हजारांत गेले की पॉवरडीएनएसचा विचार करा. तेव्हा याच तपासलेल्या फाइल 'झोन२एसक्यूएल' ला देऊन आत घेता येतील, म्हणजे आत्ताची मेहनत वाया जात नाही.

बदलायच्या दिवसाचं. नवं मशीन वेगळ्या आयपीवर उभं करा. टेबलातल्या प्रत्येक नावासाठी आणि प्रकारासाठी जुन्याला आणि नव्याला डिग करा, उत्तरं क्रमाने लावून फरक बघा. सोबत प्रत्येक झोनमध्ये नसलेलं एखादं नाव विचारा. दोन्हीकडून सारखंच उत्तर आलं पाहिजे, आणि झोनमध्ये '*' ची ओळ नसेल तर ते 'असं नाव नाही' हेच असलं पाहिजे. '*' च्या ओळींच्या चुका इथे पकडल्या जातात. फरक शून्य झाला की जुन्याचा आयपी नव्याला द्या. आयपी तोच राहिला तर रजिस्ट्रारकडे कुठलंही नेमसर्व्हर बदलावं लागत नाही, आणि ६०० ग्राहकांच्या डोमेन खात्यांचे पासवर्ड गोळा करत बसावं लागत नाही. आयपी देता येणार नसेल तर जुनं मशीन किमान दोन आठवडे चालू ठेवा, पण त्याचा डेटाही नव्याकडूनच येऊ द्या.

आता तो तिसरा राहिलेला प्रश्न, रिझॉल्व्हरचा. छोट्या कंपन्यांमध्ये एकच नेम्ड जगाला तुमच्या झोनची उत्तरंही देतो आणि ग्राहकांच्या घरच्या राउटरला गूगल कुठे आहे तेही सांगतो. तसं असेल तर आयपी हलवल्याबरोबर ग्राहकांचं 'नेट बंद' होईल, आणि डीएनएस म्हणून कुणी तक्रार करणार नाही. पॉवरडीएनएसचा अधिकृत सर्व्हर तर ४.१ पासून रिझॉल्व्हरचं काम पुढे ढकलतही नाही, त्यासाठी वेगळा रिकर्सर लागतो. बाइंडमध्येही मी ही दोन कामं दोन वेगळ्या आयपींवर करतो, आणि रिझॉल्व्हर फक्त आपल्या ग्राहकांच्या पत्त्यांना उघडा ठेवतो. जुन्या मशीनवर आज तासभर पोर्ट ५३ वर (डीएनएसच्या पोर्टवर) टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन, लावा. ग्राहकांच्या आयपींवरून तुमच्या झोनबाहेरची नावं विचारली जाताना दिसली, तर हे काम सगळ्यात आधी वेगळं काढा.

टीसीपीडंपमध्ये काय दिसलं ते कळवा. तोवर टेबलाचं 'शो क्रिएट टेबल' आणि नेम्डच्या कॉन्फिगमधला डीएलझेडचा तुकडा, पासवर्ड आणि आयपी काढून, इथे टाका. क्वेरीतला 'केस व्हेन' कुठले प्रकार हाताळतोय ते पाहिलं की जनरेटरमध्ये कुठे अडेल ते मी ओळ धरून सांगू शकेन.